टॉवेलाखालचा हात

मुरुम
११ ऑगस्ट २०२३

श्रीशैल भावजी,

शरणु शरणार्थी. तूरडाळ दीडशेच्या पुढं गेली. टोमॅटोचं नाव काढायची सोय नाही, आमटीत चिंच घालून भागवते आहे. गोडं तेल आहे तिथंच आहे. ज्वारी मात्र गव्हाच्या वर गेली, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी वहिनीचं पत्र आलं आणि त्यात किराणा, म्हणून हसू नका. दर पंधरवड्याला तुमचा फोन यायचा आणि तुम्ही पहिलं हेच विचारायचात, "वहिनी, डाळ काय भाव?" मला वाटायचं, पोराला घरची आमटी आठवते. पुढं कळलं, महागाई वाढली की घटली यावर लक्ष ठेवणं हे तुमच्या रिझर्व्ह बँकेचं मोठं काम आहे. म्हणजे मी आमटी समजत होते आणि तुम्ही नोकरी करत होता! तेव्हा मी रुसले होते. आता तो फोन येत नाही तरी बाजारातून आले की भाव मनात घोकत बसते, आणि सांगायला कुणी नसतं.

काल टीव्हीवर तुमच्या बँकेचं चाललं होतं. व्याजदर जैसे थे. मी पूर्वी चिडवायची ना, की एवढी शिकलेली माणसं तीन-तीन दिवस बसतात आणि ठरवतात काय, तर काही बदलायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभं राहणं, हेपण कामच असतंय." काल मी गॅससमोरच उभी होते. तुमचं ते बोलणं आठवलं, आणि दूध उतू गेलं.

फोन का केला नाही म्हणाल. आमच्या ह्यांनी, तुमच्या अण्णांनी, तुमचा नंबर माझ्या मोबाइलमधून स्वतःच्या हातानं पुसलाय. मला तो पाठ आहे हे त्यांना ठाऊक नाही. पण तुमचा आवाज ऐकला तर मी नुसती मुसमुसत बसेन आणि तुम्ही तिकडून हॅलो हॅलो करत राहाल. त्यापेक्षा हे बरं. अण्णांना यातलं काही माहीत नाही. उत्तर द्यावंसं वाटलं तर शिवप्रियाच्या सासरी उमरग्याला पाठवा, लेक माझी आहे, ती आणून देईल.

तुमची
महादेवी वहिनी


मुरुम
२२ ऑगस्ट २०२३

श्रीशैल भावजी,

काल पंचमी झाली. दिंडं उकडली, लाह्या फोडल्या. तुमच्या वाटणीची दिंडं उगाच केली आणि आज शिळी मीच खाल्ली. गूळ महाग झालाय, हे लिहून ठेवते.

दिवसभर मामंजींची आठवण येत होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आठवीत होता आणि घरात बाईमाणूस नव्हतं. सासूबाई जाऊन वर्ष झालेलं. मामंजींनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पोरी, ह्यो धाकटा तुझ्याच पदरात हाय बघ." तुम्ही मला पहिल्यांदा वहिनी म्हणालात ते भाकरी करपली हे सांगायला.

दुकानात तुरीच्या पोत्यांवर बसवून मामंजी तुम्हा दोघा भावांना हत्ता शिकवायचे, ते मी परड्यातून बघायची. आताच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. आता सगळा उघडा लिलाव, भाव मोबाइलवर. तेव्हा अडत्या आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटं धरून भाव करायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. काहीच न धरता हात तसाच ठेवला तर मी या सौद्यात नाही. आणि अंगठ्यात अंगठा अडकवला की सौदा पक्का, मगच टॉवेल निघायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. अण्णांच्या भुवया हलायच्या, म्हणून ते मार खायचे. तुमचा चेहरा मात्र ढिम्म. मामंजी म्हणायचे, "धाकट्याचं तोंड म्हंजी लावल्यालं कवाड हाय. हातातलं हातात ऱ्हातंय." केवढं कौतुक होतं त्यांना त्याचं! त्या कवाडानं पुढं या घराचं काय केलं हे बघायला ते राहिले नाहीत, बरं झालं.

दोन वर्षांपूर्वीच्या पंचमीला तुम्ही आला होता, ते शेवटचं सुखाचं येणं. शिवप्रियाच्या लग्नाची ठेव पेठेतल्या बँकेत होती आणि तिची मुदत संपत आली होती. बँकेबद्दल बाजारात थोडी कुजबुज होती. अण्णा संचालक, त्यांना विचारलं तर अंगावर आले असते. म्हणून मी झोक्यापाशी तुमच्याजवळ बसले, पदर तुमच्या हातावर टाकला आणि हसत म्हणाले, "भावजी, तोंडानं नका सांगू, बोटानं सांगा. ठेवू का काढू?"

तुमचा हात हलला नाही. मी किती वेळ पदर धरून बसले होते. एक बोट दाबलं असतं तरी मला कळलं असतं. तुम्ही झोक्यावरच्या पोरींकडं बघत होता, आणि चेहरा तसाच, तुरीच्या पोत्यावरचा. मी पदर ओढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ठेव पुन्हा ठेवली. दोन महिन्यांत बँक बुडाली.

हे मी अण्णांना आजवर सांगितलेलं नाही. तुम्ही न सांगता गेलात, एवढंच त्यांना माहीत आहे. विचारूनही सांगितलं नाही, हे कळलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे. मला मात्र ते टोचतं. अण्णांचं ठीक आहे हो, पण मी तुमची वहिनी होते.

महादेवी वहिनी


मुरुम
९ ऑक्टोबर २०२३

भावजी,

तुमचं पत्र शिवप्रियानं आणून दिलं. पत्र कसलं, एक ओळ. "वहिनी, साखर लिहायची राहिली." मी ती ओळ वाचून इतकी हसले की लेक घाबरली. मग रडले, तेव्हा ती जरा सावरली, कारण तिला त्याची सवय आहे.

साखर चव्वेचाळीस. डाळ आणखी चढलीय. टोमॅटो इतके पडलेत की बाजारात पायाखाली येतात. तुमच्या बँकेनं परवा परत जैसे थे केलं ना? बघा, माझं लक्ष असतं.

तुमची नोकरी लागली तो दिवस आठवतोय. पेठेत पेढे वाटताना अण्णा, कानडीत धाकट्या भावाला लाडानं तम्मा म्हणतात तसं म्हणत, सगळ्यांना सांगत होते, "आमचा तम्मा नोटा छापणाऱ्या बँकेत लागला." तुम्ही लाजून म्हणत होता, अण्णा, मी छापत नसतोय. मी विचारलं, तुमच्या बँकेत खातं काढता येतं का? तुम्ही म्हणालात, आमच्याकडं माणसांचं खातं नसतं, बँकांचं असतं. मला ते पटेना. जिथं माणसाचं खातं नाही ती कसली बँक? मग तुम्ही मामंजींच्या धंद्यातलं उदाहरण दिलंत. मार्केट यार्डात मोठा वजनकाटा असतो, तो माल विकत नाही आणि घेत नाही, पण तो खरा आहे म्हणून बाकीचे सगळे व्यवहार करतात. मामंजींना ते इतकं आवडलं की वर्षभर ते हेच सगळ्यांना सांगत होते, आणि स्वतःचं म्हणून सांगत होते.

दिवाळीला तुम्ही ओवाळणीत कोऱ्या नोटा घालायचात. मी त्या खर्च करायची नाही. मोडायच्या कशा, त्यांना घडीसुद्धा नसायची. त्यातल्या काही अजून कपाटात लुगड्याखाली आहेत. परवा साफसफाईत हाताला लागल्या, वास गेलाय.

शिवप्रियाचं लग्न लहानसंच झालं. ठेवीचे पाच लाख विम्यातून सगळ्यांसारखे आम्हालाही तीन-चार महिन्यांत मिळाले, वरचे अडकले ते अडकलेच. तो ठेवींचा विमाही तुमच्याच बँकेच्या घरातला, असं लेकीनं मला वाचून दाखवलं. गावातल्या बहुतेक लोकांचे पैसे त्यात निभावले. अण्णांना हे सांगायला गेले तर म्हणाले, "पैशे आले. माझा शबूद आला का परत?"

ते खरं आहे, भावजी. चेअरमननं आपल्याच सोयऱ्यांना कर्जं वाटली, आणि अण्णा बैठकीत चहा पिऊन मान डोलवत बसले. पण दारोदार फिरून ठेवी कुणी आणल्या? मामंजींच्या नावावर, वीरप्पांचा थोरला सांगतोय म्हणून, बायकांनी पाटल्यांचे पैसे आणून ठेवले. आता अण्णा संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसत नाहीत. दुकानातून घर, घरातून दुकान. गोळ्या घेत नाहीत. मी म्हटलं तर म्हणतात, "लई शानी झालीस."

लग्नात काकाची जागा रिकामी होती. अक्षता टाकताना अण्णा दाराकडं बघत होते. मी पाहिलंय.

वहिनी


मुरुम
१२ डिसेंबर २०२३

भावजी,

आज भाव लिहीत नाही.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला. दिवाळी झाल्यावर लगेच, दुकानातच, पोती मोजून घेताना. सोलापूरला नेलं, तिथून परवा घरी आणलं. उजवं अंग गेलं. वाचा गेली. ऐकू येतं, सगळं कळतं, पण शब्द येत नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झटका आला तर सांगता येत नाही.

दवाखान्यात असताना मी तुमचा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. शिवप्रिया म्हणाली, आई, काकाला कळव. मी अण्णांना विचारलं. कानाशी जाऊन म्हणाले, "भावजींना बोलवू का?" त्यांनी डोळे मिटून मान भिंतीकडं वळवली.

आता मी काय करू? तुम्ही आलात आणि त्या धक्क्यानं काही झालं तर मला जन्मभर पुरेल. नाही आलात आणि ते तसेच गेले तर तुम्हाला जन्मभर पुरेल. म्हणून कळवते आहे, पण या असं म्हणत नाही. इतकं वाईट पत्र मी कधी लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीचं बोलणं माझ्या कानातून जात नाही. नवरात्राच्या तोंडावर तुमच्या बँकेनं पेठेतल्या बँकेवर निर्बंध घातल्याची बातमी आली, सकाळी शटरवर कागद लागला, पेठ सगळी आपल्या दारात. आणि दिवाळीला तुम्ही बॅग घेऊन आलात, हिंमतच म्हणायची. अण्णा उंबऱ्यातच म्हणाले, "तुजी ठेव तेवढी गपचीप काढून घेतली असशील. भावाला बुडू दिलंस. ह्या घरात पाऊल टाकू नगंस, तम्मा." तम्मा म्हणत हाकलून देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तुम्ही बॅग उचललीत, मला वाकून नमस्कार केलात आणि वळलात. मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हा मीही अण्णांच्याच बाजूची होते.

काळजी घ्या. तिकडं थंडी नसते म्हणतात, तरी स्वेटर असू द्या.

महादेवी


मुरुम
१० फेब्रुवारी २०२४

श्रीशैल,

आज भावजी म्हणत नाही. आठवीतल्या पोराला जशी हाक मारायची तशीच मारते.

परवा गुंडाप्पा आला होता अण्णांना बघायला. पेठेतल्या बँकेत ठेवींच्या टेबलावर बसायचा तोच. तुला माहीत आहेच, त्याच्या पोटात काही राहत नाही. कुणी ठेव मोडली की तो चहा प्यायला उठायचा आणि चहा संपेपर्यंत पेठेला कळलेलं असायचं. अण्णांच्या खाटेजवळ बसून तो रडायलाच लागला. "मालक, तुमी एकलेच बुडाला न्हाय. माजं गेलं, समद्यांचं गेलं. धाकट्या मालकांचंबी गेलंच की!"

मी हातातली वाटी खाली ठेवली. म्हटलं, "कुणाचं?"

"श्रीशैलमालकांचं. त्यांची ठेव व्हती न्हवं का आपल्यात, पयल्या पगारापासनंची? इथं घर बांधायचं म्हनून. पंचमीनंतरच मुदत सरली. म्या फोन करून इचारलं, मोडायची का? तर म्हनले, ऱ्हाऊ द्या. विम्याच्या वरचं समदं बुडालं बघा. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

आम्हाला कसं ठाऊक असणार? या घरात दोन वर्षं तुझं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

गुंडाप्पा गेल्यावर मी एकेक जुळवत बसले. बँकेचं पुढं काय होणार हे तुला माहीत होतं की नव्हतं, हे मी आजही विचारत नाही आणि तू सांगू नकोस. माहीत नव्हतं, तर आम्ही तुला उगाच हाकललं. आणि माहीत होतं, तर तू आपलं घर त्यात बुडू दिलंस, कारण तू ठेव मोडली असतीस तर गुंडाप्पाचा चहा संपायच्या आत सगळी पेठ बँकेच्या दारात उभी राहिली असती. जे धावत पोहोचले असते त्यांचं निघालं असतं आणि बाकीच्यांचं तिथंच संपलं असतं. माझं बोट तू का दाबलं नाहीस, तेही मला आता कळलं. मला एकटीला सांगणं म्हणजे बाकीच्या बायकांच्या पाटल्या बुडवणं होतं. मामंजींनी जे शिकवलं तेच तू केलंस, आणि आम्ही त्याच घरातली माणसं असून ओळखलं नाही. मला तुझा फार अभिमान वाटला रे. आणि राग पण आला. दिवाळीला उंबऱ्यात उभा होतास तेव्हा एवढं तरी म्हणायचंस, की अण्णा, माझंही गेलं. तुझं ते कवाड आता जरा किलकिलं ठेवत जा, आम्ही म्हातारे झालो.

अण्णांनी गुंडाप्पाचं सगळं ऐकलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडले होते, म्हणून मला वाटलं झोपलेत. जवळ गेले तर उशी भिजलेली. मी पुसायला लागले तर डाव्या हातानं माझा हात झिडकारला. मग मी तिथंच बसून पंचमीचं सगळं सांगून टाकलं. झोका, पदर, तुझा न हललेला हात. ते ऐकत होते. त्यांच्या भुवया हलत होत्या, अजूनही त्यांना ते लपवता येत नाही.

काल सकाळी त्यांनी खुंटीकडं बोट केलं. पाणी दिलं, नको. सदरा दिला, नको. शेवटी दुकानातला टॉवेल काढून दिला तेव्हा मान हलवली. मी त्यांना टेकवून बसवलं. त्यांनी टॉवेल मांडीवर ओढला आणि डावा हात त्याखाली घातला. उजवा गेला, पण मामंजींनी दोन्ही हातांना शिकवलं होतं, हे मी विसरलेच होते. मला वाटलं, माझ्याशी काही बोलायचंय. मीही टॉवेलाखाली हात घातला. त्यांनी माझी बोटं चाचपली, बांगड्यांना हात लागला, आणि माझा हात हळूच बाहेर ढकलून दिला.

मी म्हटलं, "मग कुणाचा हात हवाय?"

त्यांनी दाराकडं बघितलं. लग्नाच्या दिवशी बघत होते तसंच.

कालपासून तो टॉवेल तिथंच आहे. धुवायला देत नाहीत, शिवप्रियाला उचलू देत नाहीत. दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा मी कोपरा उचलून पाहिलं. हात उघडा होता आणि अंगठा वर होता, सौदा पक्का करायला दुसरा अंगठा अडकावा म्हणून धरतात तसा.

यात डाळीचा भाव लिहिलेला नाही, साखरेचाही नाही. घरी येऊन विचार.

तुझी
वहिनी